हॉटेलमधील विद्युत वाहन चार्जिंगचे कायदेशीर दायित्व

हॉटेलमधील विद्युत वाहन चार्जिंगचे कायदेशीर दायित्व म्हणजे हॉटेल, लॉज, रिसॉर्ट किंवा होमस्टे यांच्या आवारात पाहुण्याचे विद्युत वाहन चार्ज होत असताना वाहन, व्यक्ती अथवा इमारत यांना हानी पोहोचल्यास ती भरून देण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणाऱ्या कायदेशीर तत्त्वांचा समुच्चय होय. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. करार कायदा, अपकृत्यविषयक तत्त्वे, ग्राहक संरक्षण कायदा, वीज कायदा व त्याखालील सुरक्षा विनियम, अग्निसुरक्षेचे राज्य कायदे आणि फौजदारी कायदा यांच्या एकत्रित वाचनातून ही जबाबदारी निश्चित होते. हॉटेलचालक, चार्जिंग यंत्रणा चालवणारी संस्था, यंत्राचा किंवा वाहनाचा उत्पादक, वीज वितरण कंपनी आणि स्वतः वाहनधारक हे या संबंधातील प्रमुख पक्ष आहेत.

== पार्श्वभूमी ==

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे वाहन पंपावर काही मिनिटांत भरले जाते, आणि ते काम परवानाधारक पंपाच्या आवारात, प्रशिक्षित कामगारांच्या हातून होते. विद्युत वाहनाचे तसे नाही. ३० किलोवॅट-तास क्षमतेची रिकामी बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर भरण्यास सुमारे नऊ तास लागतात. त्यामुळे प्रवासातील चार्जिंग बहुधा रात्रीच्या मुक्कामी, म्हणजेच हॉटेलच्या वाहनतळावर होते. ज्या हॉटेलचा व्यवसाय निवास व भोजन पुरवण्याचा आहे, ते या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या मोठ्या विद्युतभाराचे व्यवस्थापक बनते.

या भाराचे स्वरूप घरगुती उपकरणांपेक्षा वेगळे असते. हॉटेलच्या खोलीतील ६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्ट दाबावर सुमारे १.४ किलोवॅट इतकाच भार पेलण्यासाठी असते. १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा सुमारे ३.७ किलोवॅट आहे. गिझर थोड्या वेळात बंद होतो, वाहन मात्र ही मर्यादा सलग आठ-दहा तास वापरते. जुने वायरिंग, सैल जोड किंवा एक्स्टेंशन बोर्ड असल्यास या अवधीत जोडाच्या ठिकाणी उष्णता साठत जाते व इन्सुलेशन वितळून आग लागू शकते. दायित्वाचे बहुतेक प्रश्न याच तांत्रिक वस्तुस्थितीतून उद्भवतात.

== वीज विकण्याचा परवाना ==

वीज कायदा, २००३ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय विजेचे पारेषण, वितरण किंवा व्यापार करता येत नाही. हॉटेलने पाहुण्याकडून चार्जिंगचे पैसे घेतल्यास ती विनापरवाना वीजविक्री ठरते का, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्टीकरण देऊन तो निकाली काढला. चार्जिंग केंद्रात विद्युत ऊर्जेचे बॅटरीतील रासायनिक ऊर्जेत रूपांतर होते. चार्जिंग ही एक सेवा असून ती देण्यासाठी वितरण, पारेषण किंवा व्यापाराचा परवाना लागत नाही, असे मंत्रालयाने म्हटले. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंग सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ती वेळोवेळी सुधारण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली.

या स्पष्टीकरणाचा दायित्वाशी थेट संबंध आहे. चार्जिंग ही ‘सेवा’ ठरल्यामुळे ती देणारा हॉटेलचालक ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत सेवा पुरवठादार म्हणून येतो. परवान्यातून मिळालेली मोकळीक सुरक्षा विनियमांपासूनची मोकळीक नाही.

वीजजोडणीचा वर्ग हा वेगळा मुद्दा आहे. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली, त्याखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हा कलम १२६ नुसार ‘अनधिकृत वापर’ ठरू शकतो व अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने होते. घरगुती जोडणीवर चालणाऱ्या होमस्टेने पैसे घेऊन त्रयस्थांची वाहने चार्ज करून देण्यापूर्वी वितरण कंपनीकडून जोडणीचा वर्ग व मंजूर भार तपासून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने आदर्श इमारत उपविधींमध्ये दुरुस्ती सुचवून, स्वतंत्र निवासस्थाने वगळता इतर इमारतींमधील वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय असावी, असे म्हटले. हे उपविधी नमुनादाखल असल्याने राज्याने किंवा स्थानिक प्राधिकरणाने स्वीकारल्यावरच ते बंधनकारक होतात.

== दायित्वाचे कायदेशीर आधार ==

=== निक्षेप ===

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ नुसार एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम संपल्यावर ती परत मिळण्याचा करार असणे, याला निक्षेप म्हणतात. वकिली व्यवहारात यासाठी ‘बेलमेंट’ हा शब्द रूढ आहे. कलम १५१ नुसार वस्तू स्वीकारणाऱ्याने सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी घेणे बंधनकारक असते. तेवढी काळजी घेऊनही हानी झाल्यास, विशेष करार नसेल तर, कलम १५२ नुसार तो जबाबदार राहत नाही.

चार्जिंगच्या संदर्भात ताबा कोणाकडे आहे, हा निर्णायक प्रश्न असतो. पाहुण्याने वाहनाची किल्ली हॉटेलच्या वाहनचालकाकडे दिली आणि चार्जिंगची जोडणी हॉटेलच्या कर्मचाऱ्याने केली, तर निक्षेप सिद्ध होणे सोपे जाते. पाहुण्याने स्वतः वाहन लावून स्वतःच प्लग जोडला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर वाहनाचा ताबा हॉटेलकडे गेला असे म्हणणे कठीण जाते. अशा वेळी हॉटेलची जबाबदारी नाहीशी होत नाही, पण ती निक्षेपाऐवजी निष्काळजीपणाच्या तत्त्वावर तपासली जाते.

=== ताज महाल हॉटेल प्रकरण ===

हॉटेल आणि पाहुण्याचे वाहन यांच्यातील संबंधावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी’ या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठापुढे हे प्रकरण होते. १९९८ मध्ये नवी दिल्लीतील या हॉटेलात आलेल्या ग्राहकाने आपली मोटार हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे लावण्यास दिली होती व ती तेथून चोरीस गेली. वाहन मालकाच्या जोखमीवर लावले आहे, असा मजकूर वाहनतळाच्या चिठ्ठीवर छापलेला होता.

इंग्लंडच्या जुन्या सामान्य कायद्यात पाहुण्याच्या वस्तूंबाबत खानावळवाल्यावर जवळजवळ विमाकर्त्यासारखे कठोर दायित्व असे. न्यायालयाने ते तत्त्व जसेच्या तसे लागू केले नाही, प्रथमदर्शनी दायित्वाचा नियम मात्र स्वीकारला. वाहन हॉटेलच्या ताब्यात गेले असता ते सुरक्षित परत करणे हे हॉटेलचे गर्भित कर्तव्य ठरते, आणि हानी आपल्या निष्काळजीपणामुळे झाली नाही हे दाखवण्याचा भार हॉटेलवर येतो. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील अटीच्या आधारे झटकता येत नाही. वाहन लावण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हा बचावही टिकला नाही. खोली, भोजन आदींसाठी ग्राहक जे मूल्य देतो, त्यातच या सेवेचा मोबदला अंतर्भूत असतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

हा निकाल चोरीविषयी आहे, चार्जिंगविषयी नाही. तथापि त्यातील तर्क चार्जिंगलाही लागू पडतो. ‘चार्जिंग मोफत’ असे लिहिणाऱ्या हॉटेलला केवळ मोफतपणाच्या आधारे दायित्वातून सुटका मिळणे या निकालानंतर अवघड झाले आहे.

=== निष्काळजीपणा आणि कठोर दायित्व ===

ब्रिटनमध्ये १९५७ पासून जागेच्या ताबेदाराच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा आहे. भारतात तसा कायदा नसल्याने न्यायालये निष्काळजीपणाची सर्वसाधारण कसोटी लावतात. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच हानी झाली, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. सुरक्षा विनियमांचे उल्लंघन हा कर्तव्यभंगाचा सबळ पुरावा मानला जातो.

विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने याहून कडक भूमिका घेतलेली आहे. २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्धच्या प्रकरणात, रस्त्यावर तुटून पडलेल्या वीजवाहिनीच्या धक्क्याने सायकलस्वाराचा मृत्यू झाला असता, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी धोकादायक ऊर्जेचा पुरवठा करणारी संस्था भरपाईस बांधील आहे, असे न्यायालयाने ठरवले. हे तत्त्व वीजपुरवठा संस्थेला उद्देशून मांडलेले आहे. मीटरपलीकडच्या, म्हणजे हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रणेत दोष असेल, तर मुख्य जबाबदारी हॉटेलकडे येते.

एकाच दुर्घटनेत जागेचा ताबेदार आणि वीज संस्था या दोघांची जबाबदारी कशी विभागली जाते, याचे उदाहरण दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात मिळते. १३ जून १९९७ रोजी इमारतीच्या वाहनतळालगतच्या रोहित्राला आग लागून ती तेथील मोटारींपर्यंत पसरली, धूर प्रेक्षागृहात शिरला आणि ५९ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईची जबाबदारी चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर ८५ टक्के आणि दिल्ली विद्युत मंडळावर १५ टक्के अशी निश्चित केली. आगीचे मूळ मंडळाच्या रोहित्रात असूनही मोठा वाटा परवानाधारकावर आला. मृत्यू होण्यामागे आगीइतकेच बाहेर पडण्याच्या वाटांतील अडथळे आणि इमारतीतील उणिवा कारणीभूत होत्या.

=== ग्राहक संरक्षण कायदा ===

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यानुसार सेवेची गुणवत्ता, स्वरूप किंवा पद्धती यांतील दोष, तसेच ग्राहकाला हानी पोहोचवणारा निष्काळजीपणा किंवा आवश्यक माहिती हेतुतः दडवणे, हे सर्व ‘सेवेतील त्रुटी’ या संज्ञेत मोडते. अर्थिंग नसलेले सॉकेट चार्जिंगसाठी देणे, चार्जर बंद असल्याचे माहीत असूनही त्याची जाहिरात चालू ठेवणे किंवा यंत्र नादुरुस्त असल्याची सूचना न लावणे, ही या प्रकारच्या तक्रारींची संभाव्य उदाहरणे आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत आग किंवा अपघात घडावा लागत नाही. सुविधेच्या भरवशावर खोली आरक्षित करणाऱ्या प्रवाशाचा पुढील प्रवास खोळंबला, तरी तक्रारीला आधार मिळू शकतो.

याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. सदोष चार्जरमुळे इजा झाल्यास उत्पादक, विक्रेता आणि उत्पादनाशी निगडित सेवा देणारा यांच्याविरुद्ध दावा करता येतो. या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द सदोष उत्पादनाचे नुकसान वगळलेले आहे. चार्जरमधील दोषामुळे मोटार जळाली तर मोटारीचे नुकसान ‘हानी’ ठरते. वाहनाच्या स्वतःच्या सदोष बॅटरीमुळे तेच वाहन जळाले, तर त्या वाहनाच्या किमतीसाठी उत्पादन दायित्वाचा मार्ग उपयोगी पडत नाही व सदोष वस्तूविषयीच्या सर्वसाधारण तक्रारीचा आधार घ्यावा लागतो.

== विद्युत सुरक्षा विनियम ==

वीज कायद्याच्या कलम ५३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुरक्षेचे उपाय ठरवते. २०१९ मध्ये प्राधिकरणाच्या विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी तरतुदी समाविष्ट झाल्या आणि २०२३ च्या नव्या सुरक्षा विनियमांत त्या कायम राहिल्या. त्यांतील काही प्रमुख अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत.

* चार्जिंग बिंदूसाठी गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन, म्हणजे व्यवहारातील आरसीसीबी, असावे. व्यक्तीच्या संरक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेल्या गळती प्रवाहावर कार्य करणारे असावे.
* सॉकेट पूर्ण झालेल्या जमिनीच्या पातळीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे.
* वाहन आणि चार्जर जोडताना एक्स्टेंशन केबल किंवा दुसरी जोडकेबल वापरू नये.
* वाहन उभे केल्यावर त्याची जोडणीची जागा चार्जिंग बिंदूपासून पाच मीटरच्या आत असावी.
* अतिभारापासून संरक्षण, योग्य अर्थिंग, नियतकालिक तपासणी आणि तपासणीच्या नोंदी यांची व्यवस्था केंद्राच्या मालकाने ठेवावी.

यांतील प्रत्येक अपेक्षा पूर्ण करण्याचा खर्च मर्यादित असतो, परंतु दाव्यात तिचे महत्त्व मोठे असते. खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन वायर वापरण्यास स्वागतकक्षातून परवानगी दिली गेली असेल, तर विनियमाने निषिद्ध ठरवलेली गोष्ट हॉटेलच्या संमतीने घडली, असा त्याचा अर्थ होतो. विद्युत यंत्रणेचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेणे हेही बंधनकारक आहे. हॉटेलच्या नेहमीच्या वायरमनने परवान्याशिवाय बसवलेले सॉकेट चौकशीत पहिला प्रश्न निर्माण करते.

== अग्निसुरक्षा ==

महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार आग प्रतिबंधक साधने बसवणे व ती सदैव सुस्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ते दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. चार्जिंगची सोय नव्याने केल्यास वाहनतळावरील अग्निधोक्याचे स्वरूप बदलते. लिथियम-आयन बॅटरीला लागलेली आग विझल्यासारखी वाटूनही पुन्हा भडकू शकते व तिच्यातून विषारी वायू बाहेर पडतात. तळघरातील वाहनतळावर हा धोका अधिक असतो, कारण धूर जिन्याच्या व लिफ्टच्या पोकळीतून थेट निवासी मजल्यांकडे जातो.

१२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबाद येथे हॉटेल असलेल्या एका इमारतीच्या खालच्या भागातील विद्युत दुचाकींच्या विक्री दालनातून आग सुरू झाली आणि धूर वरच्या मजल्यांवर पसरून आठ जणांचा मृत्यू झाला. ही घटना पाहुण्याच्या वाहनाच्या चार्जिंगची नव्हती. झोपण्याच्या खोल्यांखाली मोठ्या संख्येने बॅटऱ्या ठेवण्याचा धोका मात्र तिने ठळक केला. त्या वर्षीच्या दुचाकी आगींच्या घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेची एआयएस-१५६ व एआयएस-०३८ ही मानके अधिक कडक केली. ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. त्याआधी विकल्या गेलेल्या वाहनांच्या बॅटऱ्या मात्र जुन्याच मानकांनुसार बनलेल्या असतात.

दुचाकीची काढता येणारी बॅटरी खोलीत नेऊन चार्ज करणे ही या संदर्भातील विशेष जोखीम आहे. खोलीतील सॉकेट त्या कामासाठी दिलेले नसते, आणि आग लागल्यास ती पाहुणा व बाहेर जाण्याचा दरवाजा यांच्यामध्येच भडकण्याची शक्यता असते. म्हणून अशा चार्जिंगला मनाई करणारी स्पष्ट सूचना नोंदणीच्या वेळीच देणे आणि त्याऐवजी सुरक्षित जागा उपलब्ध करणे, हे दोन्ही हॉटेलच्या वाजवी काळजीचे भाग मानता येतात.

== फौजदारी जबाबदारी ==

नुकसानभरपाईची जबाबदारी दिवाणी स्वरूपाची असते, परंतु जीवितहानी झाल्यास फौजदारी कारवाईही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने मृत्यू घडवून आणल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही कमाल मर्यादा दोन वर्षे होती. आगीच्या बाबतीत निष्काळजी वर्तन कलम २८७ खाली येते. फौजदारी खटल्यात निष्काळजीपणाची पातळी दिवाणी दाव्यापेक्षा अधिक गंभीर असावी लागते. त्यामुळे फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलेला हॉटेलचालक भरपाईच्या दाव्यातही सुटेलच असे नाही.

== सेवेच्या पद्धतीनुसार जबाबदारीची वाटणी ==

हॉटेलांमध्ये चार्जिंगची सोय साधारणतः तीन पद्धतींनी दिली जाते व प्रत्येकीत दायित्वाचे केंद्र बदलते.

पहिल्या पद्धतीत चार्जर हॉटेलच्या मालकीचा असतो. यात जोडणी, देखभाल, सूचना आणि देखरेख यांची जबाबदारी हॉटेलवर येते. यंत्रातील उत्पादनदोष सिद्ध झाल्यास उत्पादकही जबाबदार ठरतो.

दुसऱ्या पद्धतीत हॉटेल केवळ जागा देते व चार्जिंग संस्था स्वतःचे यंत्र बसवून ॲपद्वारे पैसे घेते. येथे पाहुण्याचा चार्जिंगविषयक करार त्या संस्थेशी होतो. तरीही जागेची सुरक्षितता, प्रकाशयोजना, पाणी साचू न देणे, आग विझवण्याची साधने आणि दोष दिसल्यावर यंत्र बंद करवून घेणे ही कर्तव्ये हॉटेलकडेच राहतात. हॉटेलने आपल्या नावाने सुविधेची जाहिरात केली असेल, तर ही सेवा आपली नाही असे म्हणणे त्याला कठीण जाते. हॉटेल व संस्था यांच्यातील करारात कोणी कोणाची भरपाई करावी हे लिहिलेले असते, पण ती वाटणी त्या दोघांपुरती असते. पाहुणा त्या कराराने बांधला जात नाही व तो दोघांविरुद्धही तक्रार करू शकतो.

तिसरी पद्धत अनौपचारिक आहे. छोट्या लॉजमध्ये किंवा धाब्यावर विनंतीवरून साध्या सॉकेटवर चार्जिंग करू दिले जाते. यात लेखी काहीच नसते, यंत्रणा त्या कामासाठी उभारलेली नसते आणि अपघाताची शक्यता सर्वाधिक असते. मोठ्या हॉटेलकडून जितक्या दर्जाच्या व्यवस्थेची अपेक्षा केली जाते तितकी येथे केली जाणार नाही, परंतु अर्थिंग असणे व भार पेलण्यास वायर समर्थ असणे ही किमान अपेक्षा कोणत्याही आकाराच्या व्यवसायाला लागू असते. यंत्रणा योग्य नसल्यास नकार देणे हा कायदेशीरदृष्ट्या सुरक्षित पर्याय आहे.

== वाहनधारकाची जबाबदारी ==

दायित्व एकतर्फी नसते. करार कायद्याच्या कलम १५० नुसार वस्तू ताब्यात देणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले व स्वीकारणाऱ्याला असाधारण धोक्यात टाकणारे दोष उघड करणे बंधनकारक आहे. पाण्यात बुडालेली, अपघातात आपटलेली किंवा अनधिकृतपणे बदललेली बॅटरी असलेले वाहन काहीही न सांगता हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवल्यास, त्यातून थेट उद्भवलेल्या हानीची जबाबदारी वाहनधारकावर येते. उत्पादकाने न दिलेला चार्जर वापरणे, सूचना डावलून खोलीत बॅटरी चार्ज करणे किंवा तुटका प्लग जोडणे, यांमुळे हॉटेलच्या इमारतीचे नुकसान झाल्यास हॉटेलही पाहुण्याविरुद्ध दावा करू शकते. दोन्ही बाजूंची चूक असल्यास भरपाई चुकीच्या प्रमाणात कमी केली जाते.

== जबाबदारी नाकारणारे फलक ==

‘चार्जिंग स्वतःच्या जोखमीवर करावे’, ‘व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ अशा आशयाचे फलक अनेक ठिकाणी आढळतात. त्यांचा परिणाम मर्यादित असतो. ताज महाल हॉटेल प्रकरणातील निकालानुसार ताब्यात घेतलेल्या वाहनाबाबत स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा मजकुराने टाळता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची संकल्पना असून, ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवणाऱ्या एकतर्फी अटी राज्य आयोगापुढे आव्हानित करता येतात.

धोक्याची विशिष्ट माहिती देणारा फलक मात्र उपयुक्त ठरतो. सॉकेटची क्षमता, वापरता येणारी वाहने, एक्स्टेंशन बोर्डला मनाई, आपत्कालीन बटणाची जागा आणि संपर्काची व्यक्ती यांची माहिती मराठी, हिंदी व इंग्रजीत लावलेली असल्यास हॉटेलने वाजवी काळजी घेतल्याचा तो पुरावा ठरतो. ती सूचना डावलणाऱ्या पाहुण्याची चूकही त्यातून स्पष्ट होते.

== विमा ==

वाहनाच्या सर्वसमावेशक विमा पॉलिसीत आग, स्फोट व स्वयंज्वलन यांमुळे होणारे वाहनाचे नुकसान सामान्यतः समाविष्ट असते. विमा कंपनी मालकाला रक्कम देते व त्यानंतर त्याच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडून ती वसूल करू शकते. ताज महाल हॉटेल प्रकरणात विमा कंपनी पक्षकार होती ती याच नात्याने. म्हणून पाहुण्याला विम्याचे पैसे मिळाले म्हणजे हॉटेलची जबाबदारी संपली, असे होत नाही.

उभ्या वाहनामुळे त्रयस्थाला झालेली इजा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नेता येते का, हे ‘वाहनाचा वापर’ या शब्दांच्या अर्थावर अवलंबून असते. महाराष्ट्रात उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनंतर स्फोट झाल्याच्या प्रकरणात, वाहन चालू स्थितीत नसले तरी अपघात त्याच्या वापरातून उद्भवला असे मानता येते, असा व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लावला. हॉटेलच्या अग्निविमा व सार्वजनिक दायित्व विमा पॉलिसीत चार्जिंगचा समावेश आहे की नाही, हे त्या पॉलिसीच्या शब्दांवर ठरते. जोखमीतील महत्त्वाचा बदल विमा कंपनीस न कळवल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

== अपघातानंतरची कार्यवाही व दाद ==

विजेमुळे मृत्यू किंवा इजा झाल्यास वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार ज्याच्या यंत्रणेत अपघात घडला त्याने विद्युत निरीक्षकास कळवणे आवश्यक असते. याविषयीच्या २००५ च्या नियमांनुसार पहिली सूचना २४ तासांच्या आत द्यावी लागते. विद्युत निरीक्षकाचा अहवाल, अग्निशमन दलाचा अहवाल, चार्जरमधील नोंदी, सीसीटीव्ही चित्रण आणि देखभालीची वही हे पुढील दाव्यातील मुख्य पुरावे असतात. जळालेले सॉकेट किंवा केबल तपासणीपूर्वी बदलून टाकल्यास ज्याने ते बदलले त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढले जाऊ शकते.

ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार होत असल्याने, हॉटेलच्या पाहुण्याची तक्रार जवळजवळ नेहमीच तेथे दाखल होते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. गोव्यातील हॉटेलविरुद्धची तक्रार पुण्यातील प्रवासी पुण्यातच करू शकतो. मृत्यू किंवा मोठ्या मालमत्ता हानीच्या गुंतागुंतीच्या प्रकरणांत दिवाणी न्यायालयाचा मार्गही खुला असतो.

== इतर देशांतील स्थिती ==

युरोपातील अनेक देशांत पाहुण्याच्या सामानाबाबत हॉटेलचालकावर कठोर दायित्व आहे, परंतु वाहने त्यातून सहसा वगळलेली आहेत. ब्रिटनच्या १९५६ च्या हॉटेलचालक कायद्यात आणि जर्मन नागरी संहितेच्या कलम ७०१ मध्ये वाहन व वाहनात ठेवलेल्या वस्तू यांना हे विशेष संरक्षण नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत हॉटेलच्या खाजगी वाहनतळावरील वाहनात ठेवलेल्या वस्तूंसाठी खोलीच्या दैनिक भाड्याच्या पन्नासपटीपर्यंत दायित्व आहे. या देशांत चार्जिंगदरम्यान वाहनाचे नुकसान झाल्यास मुख्यतः निष्काळजीपणा, करारभंग किंवा उत्पादन दायित्व यांचा आधार घ्यावा लागतो. ताबा सिद्ध झाल्यावर पुराव्याचा भार हॉटेलवर टाकणारी भारतीय भूमिका त्या मानाने पाहुण्याला अधिक अनुकूल आहे. पाहुण्याने स्वतः प्लग जोडून किल्ली स्वतःजवळ ठेवली असल्यास मात्र भारतातही निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः त्याच्यावरच राहतो.